धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण डीएनएला इजा करतात ती नेमकी कशी?

अवक्षेप (धागाकर्ता)

सनस्क्रीनच्या धाग्यावर परवा एका सदस्यांनी असे लिहिले की, नॅनोकण इतके बारीक असतात की ते सरळ पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि डीएनएचे तुकडे करतात. त्याला बऱ्याच जणांनी अनुमोदन दिले, हरकत मात्र कोणीच घेतली नाही. तेथे विषयांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. मी काही वर्षे एका विषविज्ञान प्रयोगशाळेत टायटॅनियम, जस्त आणि तांबे यांच्या ऑक्साइडांवर काम केले आहे, आणि माझे म्हणणे असे आहे की डीएनएला इजा करण्यासाठी या कणांना बहुतेक वेळा डीएनएला शिवावेही लागत नाही.

आधी मापे पाहू. डीएनएच्या दुहेरी गोफाची जाडी २ नॅनोमीटर असते (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). नॅनोकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर, आणि तेही पेशी वाढवण्याच्या द्रवात किंवा रक्तद्रवात पडताच एकमेकांना चिकटून काहीशे नॅनोमीटरचे पुंजके होतात. केंद्रकाच्या पटलावर जी छिद्रे असतात, त्यांतून वाहक प्रथिनांनी हात धरून नेले तर ४० नॅनोमीटरच्या आसपासची वस्तू कशीबशी आत जाते. ज्याला असा वाहक नाही त्याला १० नॅनोमीटरही फार झाले. पेशीविभाजनाच्या वेळी हे पटल विरून जाते आणि तेव्हा एखादा पुंजका गुणसूत्रांच्या जवळ अडकू शकतो, ही गोष्ट खरी. पण ती आडवाट आहे.

समजा, कण डीएनएपाशी पोहोचलाच. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे गट ओळीने बसलेले असतात, आणि टायटॅनियम, सिरियम, लोह यांच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागाला फॉस्फेटची विलक्षण ओढ असते. ही ओढ इतकी भरवशाची आहे की प्रथिनांच्या मिश्रणातून फॉस्फेट असलेले तुकडे वेचून काढण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडचे मणी प्रयोगशाळांत सर्रास वापरले जातात. परंतु पेशीच्या आत सुटे फॉस्फेट, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा, फॉस्फेटच असलेला रेणू) आणि प्रथिने यांची एवढी दाटी असते की कण डीएनएपर्यंत जाण्याच्या कितीतरी आधी त्याचा पृष्ठभाग या मंडळींनी व्यापलेला असतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसाच हा प्रकार आहे. परीक्षानळीत शुद्ध डीएनए आणि कण एकत्र केल्यावर जी घट्ट मिठी दिसते, ती पेशीत तशीच पडत असेल असे गृहीत धरता येत नाही, ते यामुळे.

प्रत्यक्ष इजा होते ती मुख्यतः तीन वाटांनी, आणि त्यांतली पहिली ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांची आहे. कणाचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉनची देवघेव करतो, किंवा कण पेशीत शिरल्यावर तंतुकणिकांचे (मायटोकाँड्रियांचे) काम बिघडते, आणि सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड नेहमीपेक्षा जास्त तयार होऊ लागतात. हायड्रोजन पेरॉक्साइड तसा सौम्य असतो, पण तो पेशीत दूरवर पसरतो आणि केंद्रकातही जातो. तेथे डीएनएला चिकटलेला लोहाचा किंवा तांब्याचा आयन भेटला की हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लाच्या संदर्भात नोंदवलेली अभिक्रिया घडते आणि हायड्रॉक्सिल मूलक (रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील रेणू-तुकडा) जन्माला येतो. हा मूलक काही नॅनोसेकंदच टिकतो आणि काही नॅनोमीटरच सरकतो, म्हणून दूरच्या कणाच्या पृष्ठभागावर तयार झालेला मूलक डीएनएपर्यंत कधीच पोहोचत नाही. पोहोचतो तो पेरॉक्साइड. मूलक तयार होतो तो जागेवर. ‘कण डीएनए कापतो’ या विधानात नेमका हाच दुवा गळून पडतो.

या मूलकाचा सर्वांत सोपा बळी म्हणजे ग्वानिन, कारण डीएनएची जी चार ‘अक्षरे’ म्हणजे बेस असतात, त्या चारही बेसपैकी त्याचे ऑक्सिडीकरण सर्वांत सहज होते. त्यातून ८-ऑक्सोग्वानिन तयार झाले की प्रतिकृती करताना ते सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जोडी जमवू शकते, आणि पुढच्या फेरीत ग्वानिनच्या जागी थायमिन येऊन बसते. अशी डागडुजीची कामे प्रत्येक पेशीत रोज हजारोंनी निघतात आणि ओजीजी-१ सारखी दुरुस्ती करणारी विकरे (एन्झाइम) ती निमूटपणे उरकत असतात. (या दुरुस्तीच्या यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि संकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) म्हणून प्रश्न इजा झाली की नाही एवढाच नसतो. इजेचा वेग दुरुस्तीच्या वेगापुढे गेला की नाही, हे पाहावे लागते.

दुसरी वाट विरघळणाऱ्या कणांची आहे आणि ती मला सर्वांत रोचक वाटते. जस्ताचा किंवा तांब्याचा क्षार पाण्यात विरघळवून पेशींना दिला, तर पेशी आपल्या पटलावरच्या वाहकांकरवी आत येणाऱ्या आयनांवर बराच ताबा ठेवते. तोच धातू ऑक्साइडच्या कणाच्या रूपात आला, तर पेशी तो कण अन्नासारखा गिळते, तो लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत जातो, आणि तेथील सामू (पीएच) ४.५ ते ५ इतका आम्लधर्मी असल्यामुळे कण भराभर विरघळून धातूचे आयन पेशीच्या पोटात ओततो. झुरिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की कोबाल्ट व मँगनीज असलेल्या कणांमुळे होणारा ऑक्सिडीकरणाचा ताण तेवढ्याच विरघळलेल्या क्षारांपेक्षा आठ पटींपर्यंत जास्त असू शकतो. या वाटेला त्या क्षेत्रात ‘ट्रोजन घोडा’ असेच म्हणतात. या आयनांचा आणखी एक उपद्रव असा की दुरुस्ती करणाऱ्या काही प्रथिनांच्या घडीत जस्ताचा एक अणू खिळीसारखा बसलेला असतो. निकेल, कोबाल्ट किंवा तांबे त्याला हुसकावून लावते आणि ते प्रथिन निकामी होते. म्हणजे घरही फुटते आणि गवंडीही आजारी पडतो.

तिसरी वाट दाहाची. फुप्फुसातल्या भक्षक पेशी कण गिळतात, पचवू शकत नाहीत आणि आपली रासायनिक शस्त्रे बाहेर सोडत राहतात. शेजारच्या पेशींच्या डीएनएला त्याची झळ लागते. येथे तर इजा झालेल्या पेशीत कण शिरलेलाही नसतो.

ठिणगी

लेख दोनदा वाचला. आमचे भोसरीला फॅब्रिकेशनचे छोटे शेड आहे. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपवर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी कारागिरांना थंडी वाजून ताप येतो, तोंडाला गोड-तुरट चव येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत असतो. आमच्याकडे त्यावर दूध आणि गूळ देण्याची पद्धत आहे. हा पांढरा धूर म्हणजे झिंक ऑक्साइडचेच नॅनोकण ना? आणि ताप येतो याचा अर्थ डीएनएला इजा झाली असा घ्यायचा का?

अवक्षेप

होय, तो धूर म्हणजे जस्ताची वाफ हवेत जळून तयार झालेले झिंक ऑक्साइडच आहे आणि त्याचे मूळ कण नॅनो आकाराचे असतात. आपण वर्णन केलेला ताप धातुधूम्र ज्वर म्हणून ओळखला जातो. तो दाहाचा परिणाम आहे. तापावरून डीएनएला इजा झाली असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि ताप आला नाही म्हणून इजा नाही असेही म्हणता येत नाही. दुधा-गुळाचा फुप्फुसात बसलेल्या कणांशी काही संबंध येत नाही, कारण दोघांचे रस्तेच वेगळे आहेत. कारागिरांना दूध जरूर द्यावे, पण धूर ओढून घेणाऱ्या पंख्याच्या आणि योग्य मुखपट्टीच्या बदली म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या गटात टाकले. हा निर्णय जस्तापुरता नाही. त्या धुरात लोह, मँगनीज, आणि स्टेनलेस स्टील असेल तर क्रोमियम व निकेलही असते. सनस्क्रीनवर जेवढी चर्चा झाली तिच्या दहाव्या हिश्श्याने तरी या शेडमधल्या धुरावर व्हावी, असे मला मनापासून वाटते.

उलटतपासणी

विवेचन चांगले आहे, पण मला पुराव्याच्या दर्जाविषयी शंका आहेत. पेशींवर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम इतकी मात्रा ओतली, तर मीठ सोडले तरी बाकी बरेच काही घातक ठरेल. दुसरे असे की डीएनएला इजा झाली हे आपण कशावरून ठरवता? आणि तिसरे म्हणजे, लहान कण अधिक घातक हे गृहीतक कोणी तपासून पाहिले आहे का?

अवक्षेप

मात्रेबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अशा मात्रेत पेशी मरू लागतात, आणि मरणाऱ्या पेशीचा डीएनए तसाही तुटतोच. म्हणून पेशी जिवंत असण्याची चाचणी सोबत नसेल, तर त्या निबंधातले आकडे मी वाचतच नाही.

इजा मोजण्याची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे धूमकेतू चाचणी. तिचे आजचे अल्कधर्मी रूप नरेंद्र पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. काचपट्टीवर अगारोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) पातळ थरात पेशी बसवायच्या, मीठ आणि डिटर्जंटच्या द्रावणात रात्रभर ठेवून त्यांची पटले व प्रथिने धुऊन काढायची, मग १३ पेक्षा जास्त सामू असलेल्या द्रावणात २५ व्होल्टवर वीस-तीस मिनिटे विद्युतप्रवाह सोडायचा. अखंड डीएनए जागच्या जागी गोळा होऊन राहतो, तुटलेला डीएनए धनाग्राकडे ओढला जातो, आणि रंगद्रव्य टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की काळ्या पार्श्वभूमीवर खरोखरच डोके आणि शेपूट असलेला धूमकेतू दिसतो. शेपटीत किती टक्के डीएनए गेला, ते मोजायचे. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींवर झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा परिणाम याच चाचणीने दाखवला होता.

आता या चाचणीने मला कसे फसवले ते सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या काचपट्ट्यांवर माझ्या काही प्रयोगांत शेपट्या लांबलचक येत आणि काहींत जवळपास येतच नसत. पेशी त्याच, कणांची बाटली तीच. तीन महिने मी द्रावणे बदलत राहिलो. शेवटी वहीत वेळा पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की लांब शेपट्यांचे सगळे प्रयोग दुपारनंतरचे होते, आणि माझा ओटा पश्चिमेच्या खिडकीला लागून होता. ॲनाटेस या स्फटिक-प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडला चेतवायला ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पुरतो, आणि खिडकीच्या काचेतून तेवढा अतिनील प्रकाश आत येतो. पटले धुऊन टाकल्यावर उघडा पडलेला डीएनए आणि उरलेले कण काचपट्टीवर शेजारी-शेजारी बसले होते, वरून ऊन पडत होते. मी पेशीतली इजा मोजत नव्हतो; काचपट्टीवरची मोजत होतो. काळा कागद आणि मंद पिवळा दिवा आल्यानंतर दुपारच्या शेपट्या सकाळच्या शेपट्यांइतक्या झाल्या. त्या तीन महिन्यांचे आकडे मी फेकून दिले, आणि आमच्या मार्गदर्शकांनी त्यावर जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

तिसऱ्या शंकेचे उत्तर गमतीदार आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये फुप्फुसाच्या पेशींवर अनेक ऑक्साइडांची एकत्र तुलना केली. कॉपर ऑक्साइड पेशी मारण्यात आणि डीएनए तोडण्यात सर्वांच्या पुढे होते, झिंक ऑक्साइडचाही परिणाम दिसला, टायटॅनियम डायऑक्साइडने पेशी न मारता काही प्रमाणात डीएनएला इजा केली, आणि लोहाची साधी ऑक्साइडे बरीचशी निरुपद्रवी ठरली. पुढच्या वर्षी त्यांनीच नॅनो आणि मायक्रो आकार शेजारी ठेवून पाहिले. कॉपर ऑक्साइडच्या बाबतीत नॅनो रूप कितीतरी जास्त विषारी निघाले. टायटॅनियम डायऑक्साइडच्या बाबतीत मात्र मोठ्या कणांनी डीएनएला जास्त इजा केली. त्यामुळे ‘जितके बारीक तितके घातक’ हा नियम म्हणून टिकत नाही. विद्राव्यता, स्फटिकाचा प्रकार आणि पृष्ठभागावरचा लेप हे आकाराइतकेच बोलतात.

गोळीबंद

मी औषधनिर्मितीत गोळ्यांच्या आवरणाचे काम करतो. घरातल्या कोणत्याही रंगीत किंवा पांढऱ्याशुभ्र गोळीची पट्टी उलटी करून पाहिली, तर ‘रंग : टायटॅनियम डायऑक्साइड’ असे बारीक अक्षरांत छापलेले बहुधा सापडेल. ते केवळ शोभेसाठी नसते. प्रकाशाने बिघडणाऱ्या औषधाला ते सावली देते आणि प्रत्येक घाण्यातली गोळी सारखी दिसते. युरोपने ते खाद्यपदार्थांतून काढल्यापासून आम्ही कॅल्शियम कार्बोनेट आणि तांदळाचे स्टार्च वापरून पाहतो आहोत, पण तेवढ्या पातळ थरात तेवढे झाकण्याची ताकद कशातच नाही. युरोपने जे केले ते विज्ञानाच्या आधारावर होते की भीतीपोटी, याविषयी आपले मत वाचायला आवडेल.

अवक्षेप

माझे मत असे की ते सावधगिरीचे होते, आणि सावधगिरी म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. फ्रान्सने १ जानेवारी २०२० पासून खाद्यपदार्थांतील वापर थांबवला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये सांगितले की शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण अल्प असले तरी कण साठत जाऊ शकतात, डीएनएवरच्या परिणामाची शक्यता नाकारता येत नाही, आणि म्हणून दररोजची सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. शब्द नीट पाहावेत : ‘नाकारता येत नाही’. त्यानंतर २०२२ मध्ये युरोपीय संघात खाद्यरंग म्हणून बंदी आली, औषधांना मात्र वगळले. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत परवानगी कायम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये त्याच पुराव्यावरून मर्यादा घालण्याची गरज नाही असे म्हटले. मतभेदाचे एक कारण हेही आहे की खाद्यरंगात नॅनोकण हा केवळ एक हिस्सा असतो. २०१२ च्या एका प्रसिद्ध मोजणीत तो संख्येने सुमारे ३६ टक्के निघाला. मग शुद्ध नॅनोकणांवर केलेले प्रयोग त्याला लावायचे की नाही, यावर दोन समित्यांचे एकमत होत नाही.

श्वासाचा प्रश्न वेगळा आहे. कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडला ‘२ब’ गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांच्या गटात टाकले ते मुख्यतः उंदरांच्या फुप्फुसांतील गाठींवरून. श्वासातून जाणाऱ्या भुकटीला कर्करोगकारक ठरवणारे युरोपचे वर्गीकरण तेथील न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केले आणि २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

सनस्क्रीनचा उल्लेख झाला म्हणून एवढेच सांगतो की १९९७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बाजारातल्या सनस्क्रीनमधून टायटॅनियम डायऑक्साइड वेगळे काढून प्रकाशात डीएनएवर ठेवले, तेव्हा डीएनएचे धागे तुटले होते. त्यानंतर कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा लेप देण्याकडे अधिक लक्ष गेले. निरोगी त्वचेवर कण वरच्या मृत थरातच राहतात. म्हणून मलम चालते, पण नाकातोंडात जाईल असा फवारा युरोपमध्ये चालत नाही.

नवे रोप

मी एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात आम्ही तुळशीच्या पानांच्या अर्कापासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार केले आहेत. प्लाझ्मिड डीएनएसोबत (जिवाणूंतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएसोबत) ते एक तास ठेवून जेलवर चालवले, म्हणजे विजेच्या प्रवाहाने जेलीच्या थरातून ओढले, तर कणांची मात्रा वाढेल तशी डीएनएची पट्टी फिकी होत जाते आणि सर्वांत जास्त मात्रेला दिसेनाशी होते. प्रकल्पाच्या अहवालात ‘कण डीएनएचे पूर्ण विघटन करतात’ असे लिहायचे ठरले आहे. या धाग्यानंतर लिहायला हात धजावत नाही. काय तपासावे?

अवक्षेप

हात धजावत नाही हे उत्तम लक्षण आहे. प्रथम जेलचा फोटो पुन्हा पाहा आणि पट्टीच्या जागेऐवजी वरच्या खाचेकडे, म्हणजे जेथे नमुना ओतता तिकडे लक्ष द्या. डीएनए तुटला असेल, तर आधी गुंडाळलेल्या रूपाची पट्टी कमी होऊन उघड्या वर्तुळाची आणि मग सरळ धाग्याची पट्टी दिसायला हवी, आणि फार बारीक तुकडे झाले असतील तर खाली धूसर पट्टा दिसायला हवा. यातले काहीच न दिसता डीएनए नुसता नाहीसा होत असेल, तर तो कणांना चिकटून खाचेतच बसला असण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या लेखात ज्या फॉस्फेटच्या ओढीबद्दल लिहिले, ती येथे कामाला येईल : तास संपल्यावर अर्ध्या नमुन्यात सोडियम फॉस्फेटचे द्रावण घाला, अर्धा तास थांबा, कण फिरवून खाली बसवा आणि वरचे पाणी चालवा. डीएनए नुसता चिकटलेला असेल, तर फॉस्फेट त्याची जागा घेईल आणि पट्टी परत दिसेल.

त्याशिवाय कणांमधून जेवढे जस्त विरघळते तेवढ्याच झिंक क्षाराचा एक नमुना, नुसत्या तुळशीच्या अर्काचा एक नमुना, आणि सगळे पुन्हा एकदा अंधारात, एवढे अवश्य करा. अर्काचा नमुना बहुतेक जण विसरतात, आणि पानांतल्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचे स्वतःचे उद्योग असतात.

उलटतपासणी

यात माझी एक भर. विघटन सिद्ध झाले तरी ते परीक्षानळीतल्या उघड्या डीएनएचे असेल. अहवालाच्या शीर्षकात ‘पेशी’ हा शब्द येऊ देऊ नये.

नवे रोप

आज पुन्हा चालवले. खाचेत खरोखरच चमक होती. आधीच्या फोटोतही होती, आम्ही फोटो वरून कापला होता. फॉस्फेट घातलेल्या नमुन्यात सर्वांत जास्त मात्रेलाही पट्टी परत आली आहे, आणि तिच्यातला गुंडाळलेल्या डीएनएचा भाग कणांविना ठेवलेल्या नमुन्यापेक्षा किंचितच कमी दिसतो. अंधारातला प्रयोग उद्या लावते.

अवक्षेप

तो किंचित फरक तीन वेळा मोजा. तुमचा खरा निकाल तेवढाच आहे.